'सार्क्स' : एका शब्दावरचा आरोप

दिवाळीचा सण अंगाला तेल लावण्यापासून सुरू होतो. देवपूजा नंतर, फराळ नंतर. पहिला मान देहाचा. वर्षभर ज्याला आपण नाशवंत, क्षणभंगुर, पाण्यावरचा बुडबुडा म्हणून हिणवतो, त्याच देहाला त्या पहाटे उटणे लावून, कढत पाण्याने न्हाऊ घालून ओवाळले जाते. आपल्या परंपरेने देहाशी असा दुहेरी संबंध ठेवला आहे आणि त्यात कोणाला विसंगती वाटत नाही. अशा दिवसांत परक्या भाषेतील, परक्या धर्मग्रंथातील एका शब्दाची चर्चा करायला बसणे वाचकांना कदाचित विपरीत वाटेल. परंतु हा शब्द देहाच्याच मानापमानाशी निगडित आहे, आणि त्याच्यावर असलेला आरोप साधा नाही. निम्म्या जगाला स्वतःच्या शरीराची लाज बाळगायला या एका शब्दाने शिकवले, असा तो आरोप आहे.

तो शब्द म्हणजे ग्रीक भाषेतील 'सार्क्स'. बायबलच्या नव्या करारात तो दीडशेच्या आसपास वेळा येतो, आणि त्यांतील निम्म्याहून अधिक प्रयोग एकट्या पौलाच्या नावावर असलेल्या पत्रांत सापडतात. लॅटिनमध्ये त्याचे 'कारो' झाले, इंग्रजीत 'फ्लेश' झाले. गोव्यात उपवासकाळाच्या आधी जो कार्निव्हल रंगतो, त्याच्या नावात हेच 'कारो' दडलेले आहे. मांसाला काही दिवस निरोप देण्यापूर्वीचा तो उत्सव. इंग्रजी कादंबऱ्या वाचणाऱ्या मराठी माणसाला 'फ्लेश' म्हणजे वासना, 'फ्लेश' म्हणजे पाप हे समीकरण पाठच असते. इजिप्तच्या वाळवंटात अन्नपाणी तोडून बसलेले तपस्वी, स्वतःच्या पाठीवर आसूड ओढणारे मध्ययुगीन भाविक, यांची चित्रे त्या समीकरणाला पुष्टी देतात. ख्रिस्ती धर्म देहाचा वैरी आहे, आणि त्या वैराचा मूळ पुरुष पौल आहे, अशी समजूत मग आपोआप तयार होते.

ही समजूत कितपत खरी आहे, हे त्या शब्दाच्याच तोंडून वदवून घेण्याचा प्रस्तुत लेखाचा प्रयत्न आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे: सार्क्स म्हणजे देह नव्हे. पौलाची तक्रार देहाविरुद्ध नव्हती. माणसाच्या स्वतःवरच्या फाजील भिस्तीविरुद्ध होती, आणि त्या भिस्तीत कुळाचा, जन्माचा आणि धर्माचरणाचा अभिमानही त्याने मोजला होता. मात्र त्याने निवडलेला शब्द असा होता, की पुढच्या पिढ्यांचा घोटाळा व्हावा. त्या घोटाळ्याची थोडी जबाबदारी त्याच्यावरही येतेच.

प्रथम शब्दाचे माहेर पाहू. ग्रीकांच्या घरी सार्क्स हा अगदी साधा, स्वयंपाकघरातला आणि रणांगणातला शब्द होता. हाडावर जे असते ते मांस. होमरच्या काव्यात तो याच अर्थाने येतो. दगडी शवपेटीला 'सार्कोफॅगस' म्हणतात, म्हणजे मांसभक्षक. आणि इंग्रजीतील 'सार्कॅझम', आपला बोचरा उपरोध, हा ज्या ग्रीक क्रियापदापासून आला त्याचा अर्थ मांस ओरबाडणे असा आहे. एपिक्युरस या तत्त्वज्ञाने सुखदुःखाचे ठाणे म्हणून सार्क्सचा उल्लेख केला; भूक, तहान, थंडी जिथे जाणवते ते ठिकाण. पण संपूर्ण शरीराला, आकाराला आणि व्यक्तीला ग्रीक भाषेत निराळा शब्द होता, 'सोमा'. वेदांतील सोमाशी त्याचा काही संबंध नाही. ग्रीकांपैकी ज्यांना देह हा आत्म्याचा तुरुंग वाटत होता त्यांनी दोष दिला तो या सोमाला. 'सोमा' म्हणजे देह आणि 'सेमा' म्हणजे थडगे, अशी कोटी प्लेटोच्या संवादांत नोंदलेली आहे. हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. देहाचा तिटकारा ग्रीक तत्त्वज्ञानात होता, पण तो सार्क्स या शब्दाला चिकटलेला नव्हता.

मग हा शब्द सासरी गेला. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकापासून अलेक्झांड्रिया येथे यहुदी धर्मग्रंथांचे ग्रीक भाषांतर होऊ लागले. त्या ग्रंथांत 'बासार' हा हिब्रू शब्द अडीचशेहून अधिक वेळा येतो, आणि भाषांतरकारांनी त्याच्यासाठी बहुतेक ठिकाणी सार्क्स हाच शब्द योजला. हिब्रूमध्ये मांस आणि देह यांना दोन वेगळे शब्द नाहीत. बासार दोन्हींचे काम करतो. शिवाय त्याला आणखीही पुष्कळ कामे आहेत. मराठी माणसाला ती समजावून सांगण्याची गरज पडू नये, कारण आपली भाषाही तसेच बोलते. 'हाडामांसाचा माणूस' असे आपण म्हणतो तेव्हा मांसाविषयी बोलत नसतो. हा माणूस देव नाही, दगड नाही, याला लागते, दुखते, एवढेच सांगायचे असते. 'रक्तामांसाचे नाते' म्हणतो तेव्हा कुळ आणि गोत अभिप्रेत असते. बासारचे अर्थ असेच आहेत: मांस, शरीर, नातेवाईक, सगळी मनुष्यजात, आणि या साऱ्यांच्या मुळाशी असलेला अर्थ म्हणजे दुबळेपणा. जे थकते, मरते, सुकते ते बासार.

यशया संदेष्ट्याचे एक उदाहरण पाहण्यासारखे आहे. अश्शूरच्या स्वारीला भिऊन यरुशलेमचे राज्यकर्ते मिसर देशाचे घोडदळ मदतीला बोलावू पाहत होते. त्यांना यशयाने बजावले, की ते घोडे बासार आहेत, आत्मा नव्हेत. घोडे पापी आहेत असे त्याला खासच म्हणायचे नव्हते! ते मरतील, पडतील, ऐन वेळी कामाला येणार नाहीत, त्यांच्या भरवशावर राहू नका, असा त्याचा इशारा होता. देह आणि आत्मा या दोन शब्दांची जोडी इथे आपल्या ओळखीच्या अर्थाने आलेली नाही. एकाच माणसाचे आतले आणि बाहेरचे असे हे दोन भाग नाहीत. एका बाजूला मर्त्याची ताकद आणि दुसऱ्या बाजूला देवाची, असा हा मुकाबला आहे. पौलाला वारसा मिळाला तो या मुकाबल्याचा.

येशूच्या चरित्रग्रंथांतही सार्क्सवर पापाचा डाग क्वचितच दिसतो. विवाहाने स्त्रीपुरुष एक होतात ते एक सार्क्स होतात. पुनरुत्थानानंतर शिष्यांना आपण भूत पाहतो आहोत असे वाटते, तेव्हा भुताला मांस आणि हाडे नसतात हे येशू त्यांना दाखवून देतो. गेथशेमानेच्या बागेत अटकेच्या रात्री शिष्यांचा डोळा लागतो, त्यावेळी आत्मा तयार असला तरी सार्क्स अशक्त आहे, असे तो म्हणतो. झोपाळलेल्या मित्रांवर हा आरोप नाही. दमल्याभागल्या मुलाकडे पाहून आई जे म्हणेल त्याच जातीचे ते उद्गार आहेत.

आता पौलाकडे वळू. तार्ससचा हा यहुदी ग्रीक भाषेत लिहीत होता आणि विचार पुष्कळसा हिब्रू वळणाने करीत होता. त्याच्या पत्रांत सार्क्स शांतपणे, काही दोष न घेता, अनेकदा येतो. आपल्या आजारपणाविषयी तो सार्क्सचा अशक्तपणा म्हणून लिहितो. स्वजातीयांना सार्क्सने आपले असलेले म्हणतो. ओनेसिम या दासाला त्याच्या मालकाकडे परत पाठवताना, याला आता बंधू म्हणून घे, प्रभूमध्ये तर घेच पण सार्क्समध्येही घे, असे तो सुचवतो. म्हणजे देवळातल्या नात्यापुरते नको, रोजच्या व्यवहारातही हा भाऊच असू दे. या ठिकाणी सार्क्सचा अर्थ पाप असा करून पाहावा, म्हणजे सगळे वाक्य कसे कोसळते ते दिसेल.

वाद उद्भवतो तो मुख्यतः दोन पत्रांमुळे, गलतीकरांस आणि रोमकरांस. पहिले इसवी सन ५० च्या सुमाराचे, दुसरे त्यानंतर काही वर्षांनी लिहिलेले. यांत सार्क्स आत्म्याच्या विरुद्ध उभा राहतो, त्याच्या वासना असतात, त्याची कर्मे असतात. गलतीकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात या कर्मांची एक यादीच दिली आहे. ही यादी जितक्या वेळा प्रवचनांत ऐकवली गेली तितक्या वेळा कोणी मोजली असेल असे वाटत नाही. आज विद्वान प्रमाण मानतात त्या संहितेत तीत पंधरा दोष आहेत. पहिले तीन लैंगिक अनाचाराचे. पुढचे दोन मूर्तिपूजा आणि चेटूक. शेवटचे दोन मद्यपान आणि रंगेलपणा. उरलेले मधले आठ कोणते? वैर, कलह, ईर्ष्या, संताप, स्वार्थी चढाओढ, फूट, तट आणि मत्सर. पंधरापैकी आठ! भांडायला आणि तट पाडायला शरीराची वासना लागत नाही. अत्यंत मिताहारी, ब्रह्मचारी, निर्व्यसनी माणसालाही हे आठही दोष उत्तम जमतात. किंबहुना अशाच माणसांना ते अधिक जमतात, असा सार्वजनिक जीवनाचा अनुभव आहे.

आपल्या षड्रिपूंची इथे सहजच आठवण होते. काम, क्रोध, लोभ, मोह, मद, मत्सर यांत देहाशी थेट नाते सांगणारा एकटा काम. बाकीचे पाच मनात राहतात. पण आपण त्यांना 'देहाचे शत्रू' किंवा 'देहाची कर्मे' म्हणत नाही. पौलाने म्हटले. का म्हटले, हे त्या यादीच्या मागचापुढचा मजकूर पाहिला की कळते. गलतियाच्या मंडळीत भांडण पेटले होते. यहुदी नसलेल्या नवख्रिस्ती पुरुषांनी सुंता करून घ्यावी की नाही, हा प्रश्न होता. सुंता करा म्हणणारे लोक तुमच्या सार्क्सबद्दल फुशारकी मारू पाहत आहेत, असे पौल पत्राच्या शेवटी लिहितो. इथे सार्क्सचे दोन्ही अर्थ एका जागी येतात: कातडीची ती खूण, आणि त्या खुणेवर उभा असलेला अभिमान. यादीच्या किंचित आधी तो त्यांना इशारा देतो, की एकमेकांना चावत आणि फाडून खात राहाल तर एकमेकांच्या हातून संपाल. मांस ओरबाडण्याचीच ही प्रतिमा आहे. सार्क्सच्या उलट काय करावे असे तो सांगतो? उपास नव्हे. प्रेमाने एकमेकांची चाकरी करावी, असे सांगतो. यादीनंतर आत्म्याची म्हणून जी नऊ फळे येतात, त्यांतही इंद्रियांशी संबंध असलेले एकच, इंद्रियदमन. आणि ते सर्वांत शेवटी आहे.

याहून स्पष्ट पुरावा फिलिप्पैकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायात आहे. सार्क्सवर भरवसा ठेवायचाच झाला तर माझ्यापाशी इतरांहून जास्त कारणे आहेत, असे म्हणून पौल ती कारणे मोजून दाखवतो. आठव्या दिवशी सुंता, इस्राएलाचे कुळ, बन्यामिनाचा वंश, अस्सल इब्री रक्त, परूशी पंथाची कडक शिस्त, धर्माविषयी आवेश, आणि नियमशास्त्राच्या दृष्टीने निष्कलंक आचरण. या सात गोष्टींत वासनेचा गंध तरी आहे का? उलट हे सगळे सोवळेपण आहे. उच्च कुळ, शुद्ध वंश, चोख संस्कार, काटेकोर कर्मठपणा: कोणाही प्रतिष्ठित घराण्याने दिवाणखान्यात टांगावी अशी ही वंशावळ. पौल या सगळ्याला 'सार्क्स' या एकाच शब्दात गुंडाळतो आणि हे सारे आपण उकिरड्याच्या मोलाचे मानतो, असे सांगून मोकळा होतो. जन्माचा आणि धर्माचरणाचा अभिमान ही सार्क्सची कर्मे, हा विचार ज्या समाजात वाचला जाईल तिथे तो टोचायला हवा. भारतातील ख्रिस्ती मंडळ्यांतही जातिभेद टिकून राहिला, ही इतिहासातील उघड गोष्ट आहे. सार्क्सचा अर्थ शरीरवासना एवढाच धरला, की या अध्यायाचे शस्त्र आपोआप बोथट होते. माणूस निर्व्यसनी राहतो आणि कुळाचा तोरा मिरवायला मोकळा होतो. चुकीच्या अर्थाचे खरे नुकसान मला इथे दिसते.

तिसरा पुरावा कलस्सैकरांस पत्रातला. हे पत्र खुद्द पौलाचे की त्याच्या शिष्यवर्गातील कोणाचे, याबद्दल विद्वानांत मतभेद आहेत. पण शब्दाची जाण तीच आहे. हे शिवू नको, ते चाखू नको, असे नियम घालून देहाला छळणाऱ्या काही मंडळींविषयी तिथे लिहिले आहे. ही माणसे 'सार्क्सच्या मनाने' फुगलेली आहेत, असा शेरा त्यांच्यावर मारला आहे. सार्क्सचे मन! सार्क्स म्हणजे शरीर असते तर हा शब्दप्रयोगच संभवला नसता. देहदंड करणारा विरक्तही सार्क्सच्या आहारी गेलेला असू शकतो, आणि त्याची ती विरक्ती हेच त्याच्या सार्क्सचे खाद्य असू शकते, असा त्याचा अर्थ होतो.

असे असेल तर आरोपी निर्दोष म्हणून सोडून द्यावा काय? तितके सोपे नाही. रोमकरांस पत्राच्या सातव्या अध्यायात पौल आपल्या अवयवांत वसणाऱ्या पापाच्या नियमाविषयी बोलतो. आठव्या अध्यायात, सार्क्सप्रमाणे जगू नका असे सांगता सांगता, त्याच वाक्यात तो 'सोमाची' कर्मे मारून टाकण्याविषयी लिहितो. म्हणजे इतका वेळ सांभाळलेला फरक स्वतःच पुसून टाकतो. सार्क्समध्ये असलेल्यांना देवाला संतोषविता येत नाही असे तो एकीकडे म्हणतो, आणि गलतीकरांना लिहिताना स्वतःचे चालू जीवन आपण सार्क्समध्येच जगतो आहोत हेही सांगतो. करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात तो विवाहाला परवानगी देतो, पण उत्साहाने देत नाही. अशा लेखकाला देहद्वेष्टा समजण्याचा मोह पडला तर तो केवळ वाचकाचा दोष म्हणता येणार नाही. आपली मुख्य तक्रार सांगायला त्याने हाडावरच्या मांसाचा शब्द घेतला. शब्द कितीही नव्या अर्थाने वापरला तरी जुना वास सोडत नाही.

दुसरीकडे हेही सांगितले पाहिजे, की याच करिंथकरांस पत्रात शरीराला, सोमाला, त्याने पवित्र आत्म्याचे मंदिर म्हटले आहे, आणि मृत्यूनंतर उठणार आहे ते सोमाच, असे आग्रहाने मांडले आहे. मांस आणि रक्त यांना मात्र देवराज्याचा वारसा मिळणार नाही, असे तो त्याच ठिकाणी म्हणतो. देहाचा तिरस्कार करणारा माणूस अनंतकाळात देह घेऊन जाण्याचा हट्ट धरत नसतो.

पौलाच्या नंतरच्या पिढीत योहानाच्या शुभवर्तमानाने या शब्दाला अगदी निराळे वळण दिले. आरंभापासून देवापाशी असलेला शब्द सार्क्स झाला, असे त्याच्या पहिल्याच अध्यायात विधान आहे. त्याला 'सोमा' हा सुसंस्कृत शब्द वापरता आला असता, 'मनुष्य' हा शब्द वापरता आला असता. त्याने मुद्दाम सर्वांत ओबडधोबड, सर्वांत मर्त्य शब्द उचलला. सहाव्या अध्यायात तर येशूचे सार्क्स खाण्याविषयी लिहिताना त्याने चावून खाण्याचे ग्रीक क्रियापद वापरले आहे, आणि ऐकणारे बिचकून निघून गेले हेही प्रामाणिकपणे नोंदवले आहे. त्याच अध्यायात पुढे सार्क्सपासून काही लाभ नाही असे वाक्य येते. वरवर ही विसंगती वाटते. पण एकीकडे देवाने स्वीकारलेले मर्त्यपण आहे, तर दुसरीकडे देवाला वगळून केवळ आपल्या डोळ्यांनी पाहणारी माणसाची बुद्धी आहे. शब्द एकच, भिस्त कोणावर हा प्रश्न वेगळा.

ख्रिस्ताला खरा देह नव्हताच, तो भास होता, असे मानणारे लोक फार लवकर निघाले. योहानाच्या नावावरील पहिल्या पत्रात ख्रिस्त सार्क्समध्ये आला हे मान्य करणे हीच श्रद्धेची कसोटी ठरवली आहे. टर्टुलियनने तर ख्रिस्ताच्या देहावर स्वतंत्र ग्रंथच लिहिला. सन ३२५ मध्ये निकेया येथे जो मतांगीकार तयार झाला त्यात 'सार्क्स झाला' या अर्थाच्या शब्दाला लागूनच 'मनुष्य झाला' असा दुसरा शब्द ठेवला आहे. त्याची गरज पुढे दिसून आली. लावदिकियाच्या अपोलिनारिसने असे मत मांडले, की ख्रिस्ताने मानवी शरीर घेतले, पण मानवी बुद्धीच्या जागी साक्षात दैवी शब्द होता. सन ३८१ मध्ये कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेने हे मत त्याज्य ठरवले. म्हणजे सार्क्स म्हणजे नुसते मांस नव्हे, मनबुद्धीसह सबंध माणूस, ही गोष्ट ख्रिस्ती विचाराने चौथ्या शतकातच जाहीरपणे पत्करली होती. पुनरुत्थानाच्या बाबतीत तर लॅटिन पंथाचे मतांगीकार पौलाच्याही पुढे गेले; त्यांनी सोमाऐवजी मांसाचेच पुनरुत्थान म्हटले.

मग देहद्वेष आला कोठून? याचे उत्तर एका माणसाच्या आयुष्यात पाहावे. सन ३८६ मध्ये मिलान येथील एका बागेत ऑगस्टीनने रोमकरांस पत्राच्या तेराव्या अध्यायाची अखेर वाचली. सार्क्सच्या वासनांची तरतूद करू नका, अशा आशयाचा तो मजकूर होता. त्याने त्याचा अर्थ आपल्या कामवासनेपुरता घेतला आणि विवाहाचा विचार कायमचा सोडला. त्याची ही कहाणी पुढे पश्चिमेकडे अमाप वाचली गेली, आणि त्या बागेत त्याला दिसलेला अर्थ हाच सर्वांचा अर्थ होऊन बसला. पण तोच ऑगस्टीन, हिप्पोचा बिशप म्हणून सन ४१३ ते ४२६ या काळात 'देवाचे नगर' हा प्रचंड ग्रंथ लिहिताना, त्याच्या चौदाव्या भागात या शब्दाची फेरतपासणी करतो. सार्क्स म्हणजे अख्खा माणूस, असे तो तिथे मांडतो आणि एक बिनतोड दाखला देतो. सैतानाला शरीर नाही. तो व्यभिचारी नाही, मद्यपी नाही. पण गर्व आणि मत्सर यांत त्याची बरोबरी कोण करील? सार्क्सची ही थोरली कर्मे शरीराविना होऊ शकतात. दुर्दैव असे, की 'कबुलीजबाब' वाचणारे हजारो, आणि 'देवाचे नगर' या ग्रंथाच्या चौदाव्या भागापर्यंत पोचणारे थोडे.

लूथरने १५२२ मध्ये रोमकरांस पत्राला प्रस्तावना लिहिली तेव्हा हाच मुद्दा पुन्हा सांगावा लागला. विसाव्या शतकात रुडॉल्फ बुल्टमान यांनी सार्क्सचा अर्थ माणसाची स्वतःवरील भिस्त असा केला, आणि जे. ए. टी. रॉबिन्सन यांनी १९५२ मधील आपल्या छोट्या पुस्तकात, सार्क्स म्हणजे देवापासून दुरावलेला माणूस आणि सोमा म्हणजे देवासाठी घडलेला माणूस, असा भेद केला. दोघांचेही विवेचन उद्बोधक आहे. तथापि बुल्टमान यांच्या हाती हा शब्द इतका अंतर्मुख होतो, की त्यातले मांसच नाहीसे होते. यशयाच्या घोड्यांचा घाम, शिष्यांची झोप, पौलाचे आजारपण हे विसरून सार्क्सचे नुसते तत्त्व केले तर आपण पुन्हा त्याच ग्रीक तुरुंगात शिरतो.

भाषांतरकारांची अडचण यावरून ध्यानात यावी. 'न्यू इंटरनॅशनल व्हर्शन' या लोकप्रिय इंग्रजी बायबलने १९७८ मध्ये पौलाच्या अनेक वाक्यांत 'फ्लेश' काढून 'पापी स्वभाव' या अर्थाचे शब्द घातले. २०११ च्या आवृत्तीत त्यांतील बहुतेक ठिकाणी 'फ्लेश' परत आणला. वाचकाला सोपा अर्थ द्यावा, तर त्याला गलतीकरांची सुंता, फिलिप्पैकरांची वंशावळ आणि योहानाचा पहिला अध्याय यांना जोडणारा धागा दिसेनासा होतो. एकच शब्द ठेवावा, तर तो शरीराचा द्वेष शिकतो.

मराठीत नवा करार १८११ साली सेरामपूरहून प्रथम बाहेर पडला. तेव्हापासून मराठी भाषांतरकारही या शब्दाशी झुंजत आले आहेत. प्रचलित मराठी बायबलातील 'देहस्वभाव' हा शब्द मला इंग्रजीपेक्षा सरस वाटतो. त्यात स्वभाव आहे आणि देहही शाबूत आहे. उलट योहानाच्या त्या प्रसिद्ध वाक्यातील 'देही' हा शब्द खटकतो. गीतेच्या दुसऱ्या अध्यायाशी परिचित असलेल्या वाचकाला देही म्हणजे देह धारण करणारा, जुनी वस्त्रे टाकावीत तसे देह टाकून देणारा आत्मा. योहानाला नेमके याच्या उलट म्हणायचे आहे. शब्दाने सार्क्स पांघरले नाही. तो सार्क्स झाला. पंडिता रमाबाईंनी केडगावला हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचे स्वतःचे भाषांतर केले, ते त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ मध्ये संपूर्ण प्रसिद्ध झाले. वेदान्ताची छटा असलेल्या संस्कृत शब्दांना त्यांची हरकत होती. ती हरकत पंथाभिमानाची नव्हती, हे या एका उदाहरणावरून पटावे.

सार्क्सच्या जवळ जाणारा एक मराठी शब्द मला सुचतो, तो म्हणजे 'पिंड'. पिंड म्हणजे देह. 'त्याचा पिंडच तसा' म्हणताना पिंड म्हणजे स्वभाव. सपिंड म्हणजे एका कुळाचे. देह, स्वभाव आणि कुळ या तिन्ही खोल्या एकाच शब्दाच्या घरात आहेत. श्राद्धाच्या पिंडाची आठवण आड येत असल्यामुळे भाषांतरात तो चालणार नाही, हे उघड आहे. पण पौल वाचताना मराठी वाचकाने मनात तो शब्द धरावा. आपल्या पिंडावर, म्हणजे आपल्या ताकदीवर, आपल्या वळणावर आणि आपल्या कुळावर, जो सगळी भिस्त ठेवतो त्याच्याविषयी हे चालले आहे, एवढे त्याला नक्की कळेल. अंगाला लावलेल्या तेलाशी पौलाचे भांडण नव्हते, हेही कळेल.

शेवटी यहेज्केल संदेष्ट्याच्या ग्रंथातील एका वचनाचा निर्देश करून थांबतो. देव आपल्या लोकांना वचन देतो, की तुमच्यातले दगडाचे हृदय मी काढून घेईन आणि त्याजागी मांसाचे हृदय देईन. मूळ हिब्रूत बासार आहे, आणि ग्रीक भाषांतरात सार्क्सपासून बनलेले विशेषण. पौलाला हे वचन ठाऊक होते. दगडी पाट्यांवर नव्हे तर मांसाच्या हृदयांवर लिहिलेल्या पत्राविषयी तो करिंथकरांना लिहितो, तेव्हा हेच विशेषण वापरतो. ज्या शब्दावर देहद्वेषाचा आरोप आहे, तोच शब्द त्याने मऊ, जिवंत, ज्यावर काही उमटू शकते अशा अंतःकरणासाठी योजला. आरोपाचा निकाल देताना एवढा पुरावा वाचकांनी विचारात घ्यावा.